डेकच्या जिन्याखाली एकदा वाकून बघा: उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणी,
आणि घरामागे लाकडी डेक असलेले सगळे सभासद

सप्रेम नमस्कार.

एप्रिल उजाडला की आपल्या घरांत फ्रिजवर याद्या लागतात. आई-बाबा मेमध्ये येणार, सहा महिने राहणार. व्हिजिटर इन्शुरन्स, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, विमानतळावर व्हीलचेअर, टीव्हीवर मराठी चॅनेल, खालच्या बाथरूममध्ये धरायला दांडा. न्यू जर्सीत घरांची तपासणी करणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे अशा याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. बाथरूमचा दांडा आता बहुतेकांना आठवतो. मागच्या दाराबाहेरच्या डेकवरून, म्हणजे उंच लाकडी ओट्यावरून, अंगणात उतरणारा लाकडी जिना मात्र कोणाच्याच यादीत नसतो. खरं तर ती दोघं घरातल्या कुठल्याही जिन्यापेक्षा तोच जास्त वापरणार असतात. सकाळी तुळशीला पाणी, दुपारी वाळत घातलेले पापड उलटायला, संध्याकाळी नातवंडांमागे.

या पत्रात मंडळांकडे एकच मागणी आहे. मे महिन्यातली एक शनिवार सकाळ डेकच्या जिन्यांसाठी राखून ठेवा. डेक आणि रेलिंग बांधणाऱ्यांच्या इथल्या संघटनेने वसंतातला एक महिना डेक-सुरक्षेसाठी ठरवलेलाच आहे, आणि आपल्या पाहुण्यांची विमानंही त्याच सुमाराला उतरतात. कोणा एका सभासदाच्या अंगणात जमायचं, त्याचा जिना खालून-वरून बघायचा, मग प्रत्येकाने घरी जाऊन आपापला बघायचा. मंडळात इंजिनीअरांची काही टंचाई नाही. त्यातले नव्वद टक्के सॉफ्टवेअरवाले निघतील, पण या कामाला तेही चालतात.

डेक सोडून नुसत्या जिन्याबद्दल का लिहितोय ते सांगतो. डेक बांधताना नकाशा असतो, परवाना असतो, खांबांचे खड्डे नगरपालिकेचा माणूस येऊन बघतो. जिना बांधला जातो शेवटच्या दिवशी, उरलेल्या लाकडात, ठेकेदाराचं लक्ष पुढच्या कामाकडे लागलेलं असताना. पावसाचं पाणी वरून त्याच्याकडेच येतं आणि खाली तो मातीत उभा असतो. त्यामुळे वर डेक ठणठणीत आणि जिना मोडकळीला आलेला, असं चित्र मला वारंवार दिसतं. घरमालकाला ते दिसत नाही, कारण तो वरून बघतो. वरून नवा रंग दिसतो.

पहिली गोष्ट पायऱ्यांच्या उंचीची. दगडी किंवा सिमेंटच्या जिन्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला जिना हलू शकतो हीच कल्पना नसते. कठडा भिंतीसारखा पक्का असणार हे तो गृहीत धरतो. शिवाय जिना उतरताना कोणीच प्रत्येक पायरीकडे बघत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय अंदाज घेतात आणि पुढे त्याच ठेक्यावर पडत जातात. एखादी पायरी उंचीत वेगळी निघाली तर मात्रा चुकते, पाय हवेत राहतो किंवा आधीच आपटतो. म्हणून इथल्या निवासी बांधकामाच्या नमुना संहितेत एका पायरीची उंची पावणेआठ इंचांपेक्षा जास्त नको असं तर आहेच (न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांनी सव्वाआठपर्यंत सूट दिली आहे), पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा नियम दुसरा आहे. एकाच जिन्यातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत ठेंगण्या पायरीत ३/८ इंचापेक्षा, म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेत तीन सुतांपेक्षा, जास्त फरक नको. तीन सूत म्हणजे करंगळीची जाडीसुद्धा नाही.

हा फरक बहुतेक वेळा पहिल्या किंवा शेवटच्या पायरीत सापडतो आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. तिरक्या फळीवर पायऱ्यांच्या खाचा काढताना पाय ठेवायच्या फळीची जाडी सगळ्यांत खाली वजा करावी लागते. सुतार ते विसरला की तळची पायरी इंचभर उंच होते आणि वरची तितकीच ठेंगणी. दुसरं कारण नंतर घडतं. जुन्या लाकडावर कोणी हौसेने कंपोझिटच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या, फळ्या बसवतो, पण फक्त डेकवर, जिन्यावर नाही. सगळ्यांत वरची पायरी इंचाने वाढते. नाहीतर खाली अंगणात पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, घालतात आणि तळची पायरी साडेसातची साडेपाच होऊन बसते. घरातली माणसं सवयीने सांभाळून घेतात. पाहुण्यांना ती सवय कुठून असणार? तेव्हा मोजपट्टी घ्या आणि प्रत्येक पायरीची उंची मोजा, अंदाज नको. पाच मिनिटांचं काम आहे. पाय ठेवायची जागा पुढून मागे निदान दहा इंच हवी, तीही याच वेळी मोजून घ्या.

आता खाली चला. जिन्याखाली वाकून बसायचं, टॉर्च लावायचा, आणि हातात साधा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. बाजूच्या ज्या तिरक्या फळ्यांवर पायऱ्या बसवलेल्या असतात त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. सगळा भार त्यांच्यावर. यासाठी दुकानात ‘दोन बाय बारा’ म्हणून मिळणारी फळी वापरतात. ती प्रत्यक्षात सव्वाअकरा इंच रुंद असते. साडेसात इंच उंची आणि दहा इंच पाऊल अशी खाच काढली की फळीच्या रुंदीतले सहा इंच जातात, उरतात सव्वापाच. किमान पाच इंच अखंड लाकूड उरावं अशी शिफारस आहे, म्हणजे बारातूनच जेमतेम भागतं. कोणी काटकसर करून दोन बाय दहा वापरली असेल तर तिथे सव्वातीन इंच उरतात. अशा जिन्यावर चढताना मधोमध लचक जाणवते. ती जाणवली की फळी मोजा.

खाचेच्या आतल्या कोपऱ्याकडेही बघा. गोल पात्याच्या करवतीने खाच काढताना पातं कोपऱ्याच्या पुढे जातं आणि लाकडात एक चीर राहून जाते. जाणकार सुतार कोपऱ्याआधी थांबतो आणि शेवटचा भाग हातकरवतीने कापतो. घाईतला थांबत नाही. हिवाळ्यात त्या चिरेत पाणी गोठतं, फुगतं, आणि चीर लाकडाच्या रेषेने पुढे सरकते. केसाएवढी भेग असेल तर तारीख लिहून तिचा फोटो काढून ठेवा. नखाचं टोक आत जात असेल तर ती फळी बदलायच्या यादीत गेली.

स्क्रूड्रायव्हर कशाला, तर टोचायला. लाकूड कुजलंय की नाही हे रंगावरून कळत नाही. स्ट्रिंगरचा जमिनीजवळचा भाग, खाचांचे कोपरे, आणि खांब जिथे मातीला टेकतो ती जागा, इथे टोक दाबा. चांगलं लाकूड विरोध करतं आणि टोचलंच तर लांब ढलपी निघते. कुजलेल्यात टोक पाव-अर्धा इंच सहज घुसतं आणि भुसा किंवा छोटे तुकडे पडतात. ‘पण ते प्रेशर-ट्रीटेड आहे ना?’ असं मला प्रत्येक घरी विचारतात. आहे, म्हणजे कुजू नये म्हणून दाबाखाली औषध मुरवलेलं आहे, पण ते फळीच्या गाभ्यापर्यंत पोचलेलंच असतं असं नाही. खाच कापली की गाभा उघडा पडतो, आणि पाणी बरोबर तिथेच साचतं. कापलेल्या प्रत्येक टोकाला जागेवर औषध लावायचं असतं, कॉपर नॅफ्थनेटचा डबा कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो डबा उघडलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

एक खास आपल्या घरांतला दोष सांगतो, रागावू नका. तुळशीची कुंडी. उन्हाळ्यात ती बाहेर येते आणि बऱ्याच घरांत जिन्याच्या वरच्या नाहीतर खालच्या पायरीच्या कोपऱ्यात बसते, कारण तिथे ऊन चांगलं. रोज पाणी घातलं जातं, बशीतलं पाणी फळीवर पाझरतं, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्या बशीखालची फळी मऊ होते. शिवाय तीन फूट रुंदीच्या जिन्यातली फूटभर जागा कुंडीने अडते आणि तीही नेमकी कठड्याच्या बाजूची, म्हणजे उतरणाऱ्याचा हात कठड्यापर्यंत पोचतच नाही. तुळस अंगणात किंवा डेकवर एखाद्या स्टँडवर ठेवा. पागोळीच्या पाइपाचं तोंड जिन्याच्या पायथ्याशी उघडत असेल तर तेही वळवा.

यानंतर जिना डेकला जिथे जोडला आहे ती जागा. मला विचाराल तर सगळ्यांत जास्त भीती या सांध्याची वाटते, कारण तो सुटला की जिना एकदम खाली येतो, आधी सूचना देत नाही. गणित साधं आहे. पहिली पायरी डेकच्या पृष्ठभागाच्या साडेसात इंच खाली, तिची फळी एक इंच जाडीची. डेकची बाहेरची आडवी फळी दोन बाय दहाची, म्हणजे सव्वानऊ इंच उंच, असेल तर स्ट्रिंगरचं वरचं टोक तिच्यावर पावणेदोन इंचच टेकतं. त्या पावणेदोन इंचांत तिरके ठोकलेले दोन-तीन खिळे, एवढ्यावर कित्येक जिने उभे आहेत. खिळा बाजूने भार घेतो, पण सरळ ओढला की निघून येतो, आणि उतरणारा माणूस जिन्याला डेकपासून दूरच ढकलत असतो. स्ट्रिंगर आणि डेक यांच्यात फट दिसत असेल, एखाद्या खिळ्याची मान बाहेर आली असेल, तर त्या जिन्यावर आजपासून कोणाला जाऊ देऊ नका. दोरी बांधा. तिथे स्ट्रिंगर डेकला धरून ठेवणारे धातूचे पकड-तुकडे, म्हणजे स्ट्रिंगर-हँगर, हवेत, आणि खाली टेकायला पुरेशी फळी नसेल तर ती वाढवून घ्यायला हवी.

खिळ्यांवरून आठवलं, २००३ सालची एक गोष्ट जुन्या घरमालकांनी समजून घेण्यासारखी आहे. तोवर इथलं बाहेरच्या कामाचं लाकूड आर्सेनिक, क्रोमियम आणि तांबं असलेल्या सीसीए या औषधात मुरवलेलं असायचं. आर्सेनिकच्या भीतीमुळे २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते बंद झालं आणि जास्त तांबं असलेली नवी औषधं आली. तांबं जास्त म्हणजे साध्या लोखंडी आणि पातळ जस्त चढवलेल्या खिळ्यांना गंज लवकर. बाजाराला हे कळून खिळे बदलेपर्यंत मधल्या काळात बांधलेल्या कामांत लाकूड नवं आणि खिळे जुने असा प्रकार झाला. तुमचा डेक २००४ नंतरच्या पाच-सात वर्षांतला असेल तर हँगर आणि खिळे नीट बघा. लाकडावर तपकिरी-नारिंगी ओघळ, हँगरवर पांढरी भुकटी आणि तिच्याखाली लाल गंज, ही लक्षणं. बदलताना गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेसचे घ्या, आणि हँगरमध्ये डेकचे पिवळे-हिरवे स्क्रू ठोकू नका. ते कडक असतात पण ठिसूळ, वाकण्याऐवजी तुटतात. ज्या-त्या हँगरला कोणता खिळा ते त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं.

कठड्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण वयस्क माणसाच्या दृष्टीने जिना म्हणजे मुख्यतः कठडाच. चार किंवा अधिक पायऱ्या चढायच्या असतील तर निदान एका बाजूला हाताने धरायचा दांडा हवा, पायऱ्यांच्या टोकांपासून ३४ ते ३८ इंच उंचीवर, वरपासून खालपर्यंत अखंड. आता आपल्या बहुतेक डेकांवर काय असतं? एक दोन बाय सहाची फळी आडवी झोपवलेली. दिसायला भक्कम, चहाचा कप ठेवायला उत्तम, पण ती मुठीत येत नाही. आईचा पाय घसरला तर तिची बोटं त्या सपाट फळीवरून निसटतात. धरण्यासाठी बोटं दांड्याच्या खालून वळून आली पाहिजेत. संहितेत गोल दांड्याचा व्यास सव्वा ते दोन इंच सांगितला आहे तो याचसाठी. उपाय स्वस्त आहे. सध्याच्या कठड्याच्या आतल्या बाजूने ब्रॅकेटवर एक गोल दांडा बसवायचा, खांबांना पक्का. या पत्रातलं एकच काम करायचं ठरवलंत तर हे करा, आणि शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी करा. गुडघेदुखीवाल्याला चढताना एक हात आणि उतरताना दुसरा लागतो.

कठडा किती पक्का हवा? वरच्या कडेवर कुठेही, कुठल्याही दिशेने २०० पौंडांचा जोर लावला तर तो टिकला पाहिजे, म्हणजे साधारण नव्वद किलोचा माणूस कलंडला तर. तपासायला सोपं आहे. खांब दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. हलला तर तो खाली कशाने जोडलाय ते बघा. नुसते खिळे किंवा स्क्रू असतील तर आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर लावून घ्या. खांबाला खालच्या बाजूला अर्धी खाच काढून तो डेकवर बसवलेला असेल तर खाचेच्या कोपऱ्यातून उभी भेग गेली आहे का तेही पाहा. न्यू जर्सीत आणखी एक उपद्व्यापी प्राणी आहे, लाकडात अर्ध्या इंचाचं अगदी गोल भोक पाडणारा भुंगा, कार्पेंटर बी. त्याला कठड्याच्या फळ्यांची खालची बाजू आवडते, त्यामुळे भोकं दिसत नाहीत, फक्त खाली भुशाची बारीक रास दिसते.

नातवंडं लहान असतील तर गजांमधलं अंतर मोजा. चार इंचांचा चेंडू आरपार जाता कामा नये. जिन्याच्या बाजूला थोडी सवलत आहे, चार इंच आणि तीन सूत. जमीन तीस इंचांपेक्षा जास्त खाली असेल तिथे पायऱ्यांच्या मधल्या उघड्या जागेलाही तोच चार इंचांचा नियम. रांगणारं मूल तिथून आधी पाय घालतं, मग धड, आणि डोकं अडकतं.

पायथ्याकडे थोडक्यात. जिना नुसत्या मातीवर किंवा पेव्हरवर टेकवलेला असेल तर थंडीत जमीन गोठून वर उचलली जाते आणि वसंतात परत बसते, पण जिथून उठली तिथेच बसत नाही. न्यू जर्सीत हा गोठण्याचा थर साधारण तीन फूट खोल, मिनेसोटाच्या उत्तरेत पाच फूट धरतात. म्हणून जिना दरवर्षी थोडा तिरका होतो आणि वरचा सांधा थोडा सैल. पाया नवा घालायचा झाला तर खणण्याआधी अमेरिकेत ८११ ला फोन करायला विसरू नका. गॅस आणि विजेच्या तारा कुठून गेल्यात ते फुकट आखून देतात.

माणसांची गर्दी हा वेगळा विषय आहे आणि मंडळांशी त्याचा थेट संबंध आहे. २९ जून २००३ च्या रात्री शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका तीन मजली घरामागचा लाकडी पोर्च पार्टी चालू असताना कोसळला. वरचा मजला खालच्यांवर आला, १३ तरुण गेले, ५७ जण जखमी झाले. शिकागोतले हे मागचे पोर्च म्हणजे मुळात लाकडी जिनेच, मजल्यामजल्यावर थोडे रुंद केलेले. त्यानंतर १६ जून २०१५ ला कॅलिफोर्नियात बर्कली इथे एका इमारतीचा सज्जा वाढदिवसाच्या पार्टीत तुटला, सहा विद्यार्थी गेले. तिथे तुळया आतून कुजलेल्या होत्या आणि वरचं प्लॅस्टर शाबूत होतं. त्या धक्क्यातून कॅलिफोर्नियाने २०१८ आणि २०१९ मध्ये कायदे केले. भाड्याच्या बहुघरी इमारतींत दर सहा वर्षांनी आणि काँडोंमध्ये, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतींत, दर नऊ वर्षांनी, जमिनीपासून सहा फुटांपेक्षा उंचावर असलेले लाकडाच्या आधाराचे सज्जे, डेक आणि बाहेरचे जिने जाणकाराकडून तपासून घ्यावे लागतात. एका कुटुंबाच्या स्वतंत्र घराला असा कायदा नाही. तिथे तपासणारे तुम्हीच.

कोजागिरीला चाळीस माणसं मसाला दुधाचे ग्लास हातात घेऊन एका डेकवर उभी असतात, आणि ग्रुप फोटोसाठी पंधरा जण जिन्यावर रचले जातात. जिन्यावर चढणारी माणसं एकामागून एक जातात तेव्हा भार विखुरलेला असतो. फोटोसाठी सगळे एकदम दाटीवाटीने थांबतात, वर आणखी ‘जरा मागे सरका’ म्हणून एकाच वेळी हलतात. मंडळाच्या कार्यक्रमासाठी कोणी घर देऊ केलं तर त्यांचे आभार मानून एवढं विचारा की डेक आणि जिना खालून कोणी बघितलाय का. यात अपमान काही नाही. फोटो अंगणात काढा, उजेडही चांगला मिळतो.

‘बारा वर्षं काही झालं नाही’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. बारा वर्षांत लाकूड बारा वर्षांनी जुनं झालं, एवढंच त्यातून कळतं. दुसरं उत्तर, ‘घर घेताना इन्स्पेक्शन केलं होतं’. माझ्याच व्यवसायाबद्दल स्पष्ट बोलतो. ती तपासणी त्या दिवशी डोळ्यांना जे दिसलं तेवढ्याचीच असते. जिन्याच्या बाजूंना जाळी किंवा फळ्या मारून तळ बंद केलेला असेल तर आम्ही ‘दिसू शकलं नाही’ असं लिहितो आणि ते वाक्य अहवालाच्या चाळिसाव्या पानावर असतं. काढून वाचा. ती जाळी दोन स्क्रूंवर असते, उघडा आणि आत बघा. तिसरं उत्तर कोणी मोठ्याने देत नाही, पण मला ऐकू येतं: परवाना घ्यायला गेलो तर टॅक्स वाढेल. जुना जिना आहे तसा दुरुस्त केला म्हणून घराची किंमत वाढत नाही, आणि कोणत्या दुरुस्तीला परवाना लागतो हे गावागणिक वेगळं असतं. बांधकाम खात्याला एक फोन करून विचारायला काही लागत नाही. विनापरवाना केलेला जिना घर विकताना मात्र हमखास आडवा येतो.

सगळं स्वतः करायला जाऊ नका. शेवाळं घासणं, दांडा बसवणं, सुटलेला स्क्रू बदलणं, पायऱ्यांच्या कडेला खरखरीत पट्टी लावणं, दिवा लावणं, ही कामं सुट्टीच्या दिवशी होतात. शेवाळं प्रेशर वॉशरने काढू नका, लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळं येतं; ब्रश आणि डेक क्लीनर पुरे. पट्टी लाकडापेक्षा वेगळ्या रंगाची घ्या. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तपकिरीवर तपकिरी कड दिसत नाही. दिव्याचं म्हणाल तर खांबाच्या टोपीवरचे सौरदिवे शोभेचे, त्यांनी पायरी दिसत नाही. पायऱ्यांवर उजेड पडला पाहिजे आणि स्विच घरात हवा. मात्र कुजलेला स्ट्रिंगर, वरचा सांधा आणि डेक घराला जिथे जोडलाय तो भाग, हे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. एक स्ट्रिंगर कुजला असेल तर तेवढाच बदलून ठेकेदार निघून जाऊ पाहतो. बाकीचेही त्याच वयाचे, त्याच पाण्यातले आहेत. सगळे बदला आणि जिना तीन फूट रुंद असून दोनच असतील तर मध्ये तिसरा, कंपोझिटच्या पायऱ्या असतील तर चौथाही घाला. शेजारशेजारच्या दोन स्ट्रिंगरमध्ये किती अंतर चालेल ते फळी बनवणारी कंपनी छापून देते, बहुतेक कंपोझिटला ते बारा इंच किंवा त्याहूनही कमी असतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि टाउनहाउसवाल्यांनी हे पत्र बाजूला ठेवू नये. फोटो काढा, तारीख घालून ई-मेलने मालकाला किंवा असोसिएशनला पाठवा. फोनवर सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही. मागचा जिना कोणाच्या जबाबदारीत येतो हे असोसिएशनच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं, आणि ते वाचलेला माणूस बैठकीत एखादाच असतो. तो तुम्ही व्हा.

आई-बाबांनाही सांगावं लागेल. ‘आम्हाला काय म्हातारं समजता का’ हे ऐकून घ्या आणि तरी सांगा: उतरताना एक हात मोकळा, दांड्यावर. पापडांचं ताट नातवाने खाली आणून द्यायचं. पावसानंतर स्लिपर नाही, मागे पट्टा असलेली चप्पल.

महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम मेच्या पहिल्या आठवड्यात असतो, त्यामुळे दुसरा किंवा तिसरा शनिवार बहुतेक मंडळांना सोयीचा पडेल. शाळांच्या सुट्ट्या पाहून तारीख मागेपुढे करा, पण पहिलं विमान उतरायच्या आधीची ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाने मोजपट्टी, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि मळले तरी चालतील असे कपडे आणावेत. जिन्याखाली गुडघ्यांवर बसायचं आहे.

आपला,
न्यू जर्सीतला एक घर-तपासनीस